ओलसर केक

पद्माताईंचं उजवं मनगट मुरगळलं ते ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, आणि घरात पहिली काळजी पडली ती आंब्याच्या केकची.

हा केक त्यांच्या माहेरचा. रवा, दही, साखर आणि आंब्याचा रस कालवून आईने दिलेल्या पितळी लंगडीत, म्हणजे पसरट बुडाच्या भांड्यात, ओतायचा, मोठ्या पातेल्यात वाळू पसरून त्यावर ती लंगडी ठेवायची आणि झाकण घालून मंद आचेवर भाजायचा. सांगलीच्या त्या घरात सणाचं जेवण त्याशिवाय पुरं होत नसे. यंदा तर लेकीचे, मयूरीचे, सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच सणाला येणार होते. विहीणबाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं होतं की बाकी काही नसलं तरी चालेल, तो केक तेवढा हवा.

"या वेळी बेकरीतून आणू या," पद्माताई म्हणाल्या.

"मी करतो," अनंतराव म्हणाले.

अनंतरावांची स्वयंपाकातली मजल चहापर्यंतच होती. पण केकबद्दल त्यांचं मत ठाम होतं. लग्न झाल्यापासून दरवर्षी पहिला घास तोंडात टाकून, डोळे मिटून ते म्हणत, "चांगला झालाय. जरा ओलसर हवा होता." आता ते दाखवून द्यायची वेळ आली होती, तीही व्याह्यांसमोर. आदल्या संध्याकाळी त्यांनी रस-रवा कालवला आणि बायकोला स्वयंपाकघरात यायची बंदी केली.

"अहो, वाळूचा डबा कुठे आहे ते तरी विचारा."

"वाळूचं काय विचारायचं?"

दरवर्षीची धुतलेली वाळू माळ्यावर असे. अनंतरावांना मागच्या पायरीशी एक डबा दिसला. आत बारीक, कोरडी, चाळलेली वाळू. पद्माच्या टापटिपीचं त्यांना कौतुक वाटलं. रंग जरा राखाडी होता, पण आगीवर चढणाऱ्या वाळूचा रंग असा होणारच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

डबा हरिबा गवंड्याचा होता. पायरी दुरुस्त करून उरलेला सिमेंट-वाळूचा कोरडा माल त्याने त्यात झाकून ठेवला होता आणि जाताना पायरीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला सांगितलं होतं. अनंतराव तेव्हा पेपर वाचत होते. पायरीला पाणी काही मिळालं नाही, आणि तिला तडा गेला.

केकला मात्र मिळालं. वाळू ओली असली तर वाफ धरेल, वाफ धरली तर केक ओलसर होईल. एवढी साधी गोष्ट बायकोच्या माहेरी कुणालाच कशी सुचली नाही, याचं अनंतरावांना नवल वाटलं. त्यांनी वाळू लंगडीच्या काठापर्यंत भरली, कडेने तांब्याभर पाणी सोडलं आणि थोडा धीर येऊन आणखी अर्धा तांब्या. केक फुगला. आंब्याचा वास गल्लीभर गेला. गरम केक हलवायचा नसतो हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून पातेलं तसंच झाकून ते समाधानाने झोपायला गेले.

सकाळी लंगडी हलेना. चिमट्याने ओढली, सुरीने कडा मोकळी केली, शेवटी पातेल्यावर वरवंटा घातला.

"काय ठोकताय?" आतून पद्माताईंचा आवाज आला.

"गूळ फोडतोय."

"आज गूळ कशाला?"

ठोकणं थांबलं. तेवढ्यात मयूरी मसालेभातासाठी मोठं पातेलं मागायला आली. तिने ते उचलायला हात घातला आणि लगेच काढला. मग वाळूवर नख मारून पाहिलं.

"बाबा, हे सिमेंट आहे."

भातासाठी शेजारचं पातेलं आलं आणि मागच्या दाराने हरिबा. त्याने उकिडवं बसून बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावून ऐकलं.

"मालक, लय झ्याक धरलंय."

"निघेल का?"

"फोडाय येतंय की. पन लंगडी हातात येईस्तवर तिची ताटली झाली आसंल." मग पायरीकडे बघत तो म्हणाला, "एवढं पानी हितं मारलं आसतं तर!"

पुढच्या दाराशी रिक्षा थांबली. त्याच वेळी पद्माताई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं, आईची लंगडी पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं. अनंतरावांना वाटलं, आता काही खरं नाही.

"फोडायची नाही," त्या म्हणाल्या. "मयूरी, चमचे काढ."

जेवणानंतर हरिबाने आणि अनंतरावांनी पातेलं धरून माजघरात आणलं आणि पाटावर ठेवलं. सगळे भोवती बसले.

"तुमच्याकडे असा खायची पद्धत आहे वाटतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"यांची पद्धत आहे," पद्माताई म्हणाल्या.

पहिल्या चमच्यालाच विहीणबाईंची मान डोलली. असा मऊ केक आपण कधी खाल्ला नाही, कृती लिहून द्या, आणि हो, वाळू कुठली घेता तेही सांगा, असा त्यांनी आग्रहच धरला. व्याही तर बोलायलाही थांबेनात. अनंतरावांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

पद्माताईंनी डाव्या हाताने एक चमचा घेतला. तोंडात टाकून डोळे मिटले.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "जरा कोरडा हवा होता."

ते पातेलं आता मागच्या दारी, तडकलेल्या पायरीशेजारी असतं. लंगडीत चिमण्या पाणी प्यायला येतात. अनंतराव तिच्यात सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालतात.