दुधातल्या पाण्यावर पंधरा मिनिटं

परिणामकारक भाषण कसं करावं, यावर मी सात पुस्तकं वाचली आहेत. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो, वाचायला जमतं. बोलण्याचं म्हणाल, तर स्वतःच्या निरोप समारंभात मी "आभारी आहे" एवढंच म्हणून खाली बसलो होतो. तेही अडखळत.

तरी हर्सूलच्या ग्राहक मंडळाचे काकासाहेब म्हणाले, "दुधातली भेसळ कशी ओळखावी, याची माहिती द्या", तेव्हा मी हो म्हणालो. या खेपेला पूर्ण पंधरा मिनिटं बोलायचंच! सातही पुस्तकांचं एका गोष्टीवर एकमत होतं : सगळ्या सभेकडं पाहू नये. एक प्रेमळ चेहरा निवडावा आणि त्याच्याशीच बोलावं.

चेहरा मिळाला. पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, गुबगुबीत गाल. त्याच्या डोळ्यांत पाहून मी सुरुवात केली, "दुधात पाणी घालणारा माणूस दिसायला अगदी साधा असतो."

चेहरा हसायचा थांबला. विषय मनाला भिडतोय, असं मला वाटलं.

"तिरप्या गुळगुळीत फरशीवर थेंब सोडा. पाणी घातलेलं दूध पळून जातं, मागं पांढरी रेघ ठेवत नाही."

त्यानं टोपीनं घाम पुसला. मागच्या रांगा माना उंचावून त्याच्याकडं पाहू लागल्या. मला आणखी हुरूप आला.

"आपण विचारलंच पाहिजे. किती पाणी घालता?"

तो उठून उभा राहिला. "तांब्याभर, गुरुजी. पण मला एकट्यालाच का धरता? हा सांडू गवळी निम्मं घालतो."

"माझं नाव कशाला घेतो रं पुंजाराम?" मागून सांडू गरजला. "तुझ्या दुधात तर मासे पोसतील."

तिकडून पुंजारामच्या गिऱ्हाईक चतुराबाई पदर खोचत उठल्या. "म्हंजी पाच वर्सं माझ्या नातवाला हर्सूलचं तळं पाजलं व्हय रं?"

काकासाहेब मधे पडले. त्यांनाही दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं.

मी घड्याळ पाहिलं. तीनच मिनिटं झाली होती. उरलेली बारा मिनिटं मी न अडखळता बोललो. इतका निर्धास्त मी कधीच बोललो नव्हतो, कारण कुणीच ऐकत नव्हतं.

"इतकं परिणामकारक भाषण इथं झालं नव्हतं," काकासाहेब घाम पुसत म्हणाले.

मग चहा आला. कोरा. दूध द्यायला सभेतला एकही गवळी धजला नव्हता. मला कोरा चहा सोसत नाही. त्या दिवशी मी दोन कप घेतले.