मानीव ऊब

एका जंगलात, बाळांनो, जमीन आतून गरम होती. का होती, ते मला विचारू नका. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात तो धडा आहे. गुरुजी दर वर्षी वेळ नाही म्हणून तोच सोडून देतात.

त्या जमिनीतून एक झरा यायचा. झऱ्याकाठची वाळू भर थंडीतही कोमट असायची. गवे तिथे गुडघे शेकत बसायचे आणि कोणाचं जास्त दुखतं यावर भांडायचे. गोदाक्का नावाची कासवीण दर वर्षी त्या वाळूत अंडी घालायची. कासवीण काही अंड्यांवर बसत नाही. वाळूने ऊब द्यायची आणि गोदाक्काने काळजी करायची, अशी कामाची वाटणी होती.

एकदा सिंहमहाराज परदेशी जंगलांच्या दौऱ्यावरून परतले. येताना एक धोरण घेऊन आले. लगेच दरबार भरला. साळिंदर प्रधानांनी पाठीवरचा एक काटा उपटला, "आई गं" म्हणाले आणि लिहायला बसले.

"पृथ्वीच्या पोटात अमाप ऊब आहे," महाराज म्हणाले. "धूर नाही, राख नाही. जो ती वर काढेल त्याला जमीन फुकट, कर माफ, आणि नारळ फोडायला मी स्वतः येईन."

"पण महाराज, घुशी अडून बसल्यात," प्रधान म्हणाले. "म्हणतात, आधी गिऱ्हाईक दाखवा, मग खोदतो. एवढं खोल जायचं आणि वर कोणी घेणारच नसेल तर काय करायचं?"

ऊब विकत कोण घेणार? ती तर सगळ्यांना फुकट मिळत होती.

तेव्हा तरसशेठ उभे राहिले. त्यांचा बर्फाचा कारखाना होता.

"मी घेतो," ते म्हणाले. "सगळी घेतो. आज निघेल ती, उद्या निघेल ती, आणि माझ्या नातवाच्या काळात निघेल तीसुद्धा."

"बर्फाला ऊब कशाला हो लागते?" गोदाक्काने मागून विचारलं.

"उबेची वीज होते, विजेवर यंत्र चालतं, यंत्रातून बर्फ पडतो. आजवर आम्ही लाकडं जाळायचो, लोक नावं ठेवायचे. आता एकदम स्वच्छ काम."

गोदाक्काला पटलं. मलाही पटतं. अशी वीज खरंच होते, बाळांनो, त्यात काही खोट नाही.

घुशींनी खोदलं. वाफ आली. नारळ फुटला. कारखान्यावर पाटी लागली, 'धरणीमातेच्या मायेने बनलेला बर्फ'. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. तरी सगळे प्राणी कुडकुडत रांग लावायचे, कारण तो बर्फ खाणं हे जंगलप्रेम ठरलं होतं. माकडं दात वाजवत एकमेकांना सांगायची, "चव वेगळीच आहे."

मग एका सकाळी वाळू गार लागली.

गोदाक्काने इथे पोट टेकवलं, तिथे टेकवलं. झराही गार. वाळू अशीच राहिली तर पिल्लं कवचातच संपणार होती. ती तडक दरबाराकडे निघाली. तडक म्हणजे कासवाच्या मानाने. पोचली तेव्हा दरबार उठत होता.

"महाराज, माझ्या वाळूतली ऊब गेली."

"गेली नाही, विकली गेली," प्रधान म्हणाले.

"मग थोडी परत द्या. अंड्यांपुरती."

"शेठनी सगळी घेतलीय, आक्का. थोडी काढली तर ती सगळी कशी राहील? करार मोडेल. मग पुढच्या वेळी घ्यायला कोण येणार?"

महाराजांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आयाळीने डोळे पुसले. मग त्यांना मार्ग सुचला.

"आक्का, तुम्हाला आपण मानीव ऊब देऊ."

"ती कशी असते?"

"नसते. पण आहे असं सरकार मानतं."

त्याच दिवशी दवंडी पिटली. गोदाक्कांच्या अंड्यांना मानीव ऊब मिळाली असून मानीव पिल्लं सुखरूप बाहेर आली आहेत. पिल्लांचं बारसं झालं. गवे घुगऱ्या खाऊन गेले. शाळेत नावंही घातली. गुरुजी म्हणाले, इतका शांत वर्ग मी कधी पाहिला नाही. हसू नका.

गोदाक्का रडली. रडून झाल्यावर शेठचे पाय धरायला कारखान्यात गेली. शेठ जेवून घोरत होते. ती वळसा घालून मागे गेली, तर तिच्या तोंडावर गरम वारा आला. बर्फाचं यंत्र पुढून गार असतं आणि मागून गरम. यंत्रामागे लाकडाच्या भुशाचा ढीग होता, बर्फ झाकायचा. भुसा छान कोमट झाला होता.

त्यानंतर रोज शेठना झोप लागली की गोदाक्का एकेक अंडं तोंडात धरून आणायची आणि भुशात पुरायची. जीव मुठीत धरून.

आणि पिल्लं निघाली. खरी, ओली, वळवळणारी. निघाली ती थेट झोपलेल्या शेठच्या पोटावरून चालत गेली. शेठनी सगळ्यांना दरबारात उभं केलं.

"ही कोणाची?" प्रधानांनी विचारलं.

"माझी."

"तुमची तर केव्हाच जन्मली. शाळेत जातात. एक दिवस खाडा नाही."

"ती मानीव. ही खरी."

"मानीव पिल्लं सरकारने मानलेली आहेत," महाराज म्हणाले. "म्हणजे ही जास्तीची झाली. शिवाय शेठच्या उबेवर निघालेली. जप्त करावी लागतील."

गोदाक्काने पिल्लांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "महाराज, मग ही नाहीत असं माना."

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी धोरण चाळलं. त्यात बसत होतं. सगळ्यांनी मानलं.

गोदाक्काने नसलेली पिल्लं पाठीवर घेतली आणि भर दरबारातून चालायला लागली. दारापर्यंत पोचायला तिला दिवस मावळला. तोवर ती कोणालाच दिसली नाही.

तात्पर्य : पृथ्वीच्या पोटात सगळ्यांना पुरेल इतकी ऊब आहे. तरीही ज्यांना थंडी वाजते, त्यांनी बर्फाच्या कारखान्यामागे उभं राहावं, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही याबद्दल सरकारचे आभार मानावेत.