उल्हासचा पहिला पूल

उल्हास सिव्हिल इंजिनिअर होता, निदान पुण्याहून आणलेल्या डिग्रीवर तरी तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात कॉलेजातूनच त्याला एका सॉफ्टवेअर कंपनीने उचललं आणि गेल्या अठरा वर्षांत त्याने साधी मोरीसुद्धा बांधली नव्हती. त्यामुळे अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या शाळेत रोमन लोकांवर प्रदर्शन आहे आणि लेकीच्या, म्हणजे रुहीच्या, वाट्याला पाणी वाहून नेणारा कमानींचा पूल आलाय हे कळल्यावर त्याला आभाळ ठेंगणं झालं.

काम मुलांनी स्वतःच करायचं, असं शाळेच्या कागदावर ठळक लिहिलं होतं. उल्हासने ते वाचलं आणि सोयीस्करपणे विसरून गेला.

रुहीचा बेत सोपा होता. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांच्या कमानी कापायच्या आणि पाण्याच्या जागी निळा कागद लावायचा.

"खोक्यांचा पूल?" उल्हास म्हणाला. "अगं, रोमन लोकांचे पूल दोन हजार वर्षं टिकलेत."

"बाबा, इट ओन्ली हॅज टू लास्ट टिल नेक्स्ट फ्रायडे."

पण ऐकतो कोण? मागच्या अंगणातली लाल माती गराजमध्ये आली. पाच कमानी उभ्या राहिल्या, वरच्या पन्हळीला लेव्हल लावून बेताचा उतार दिला गेला, फिश टँकचा पंप बसला. रुहीला बादली धरायची परवानगी मिळाली. मात्र पुण्याच्या माणसाचे हात चिखलात गेले की ते दिवाळीतला किल्लाच करू लागतात. गुरुवारी संध्याकाळी उल्हासने स्वयंपाकघरातून मूठभर हळीव आणले आणि पुलावर भुरभुरले.

"माझे लाडवांचे हळीव!" त्याची बायको सुनेत्रा म्हणाली. "रोमन पुलावर हळीव कोण पेरतं?"

"किल्ल्यावर हिरवळ नको?"

"हा किल्ला आहे?"

उल्हास थबकला, पण तोवर मूठ रिकामी झाली होती. प्रदर्शन आठवडाभर आहे, तोवर छान उगवतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये शेजारच्याच टेबलावर उल्हासच्या ओळखीतल्या गिरीशच्या मुलाचं, केदारचं, कोलोसियम होतं. ते साखरेच्या चौकोनी खड्यांचं आणि इतकं रेखीव होतं की खुद्द केदारला त्याला हात लावायची बंदी होती. उल्हासने पंप सुरू केला. पाणी पन्हळीतून झुळझुळत पाचही कमानी ओलांडून गेलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपण इंजिनिअर असल्यासारखं वाटलं.

सुख दहा मिनिटं टिकलं. ज्याने कधी हळिवाचे लाडू केलेत, त्याला पुढचं सांगायला नको. पन्हळीत पडलेले हळीव भिजून टम्म फुगले आणि त्यांचा बुळबुळीत बोळा झाला.

"उल्हास, तुंबलं," सुनेत्रा हळूच म्हणाली.

पंप बंद करेपर्यंत पाणी काठावरून सांडलं, मातीचे खांब ओले झाले, मधली कमान मुकाट्याने खाली बसली आणि लाल पाण्याचा ओघळ शेजारच्या टेबलावर पोचला. अर्धं कोलोसियम विरघळलं. केदारला मजा वाटली, तोंड उतरलं ते गिरीशचं.

तेवढ्यात मिसेस डॉसन, रुहीच्या टीचर, आल्या. उल्हासने मनोमन माफीची वाक्यं जुळवली. बाईंनी चिखलात बोट घातलं, हळिवाचा बोळा चिमटीत धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. सकाळपासून आपण आईबाबांनी केलेली वीस मॉडेल्स पाहिली, पण एका मुलीने एकटीने केलेलं हे पहिलंच, असं म्हणून त्यांनी पडक्या पुलाला पहिल्या नंबरची निळी रिबन लावली.

"माय डॅड मेड इट," रुही प्रामाणिकपणे म्हणाली.

बाई मनापासून हसल्या. पोरीचं वडिलांवर किती प्रेम, म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी उल्हासला विचारलं, की रुही सांगत होती, तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून?

उल्हासने रिबनकडे पाहिलं. खाली बसलेल्या कमानीकडे पाहिलं. पलीकडे गिरीश कान टवकारून उभा होता.

"छे हो," तो म्हणाला, "मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."