आठवणींची हमी

ज्या सहलीत कोणाच्या जिवावर बेतले नाही, ती सहल वर्षभरात विसरली जाते, हे अनुभवसिद्ध सत्य आहे. गळाने मासे धरायला तीन दिवस बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीने हे सत्य ओळखून 'आठवणींची हमी' दिली होती. सुखरूप परतण्याची दिली नव्हती. (एकाच भाड्यात दोन्ही मागणे ग्राहकालाही शोभत नाही.) सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कंपनी निष्कलंक होती. आजवर बुडालेल्या एकाही ग्राहकाने कार्यालयात येऊन तक्रार केलेली नव्हती.

तिघे साडू धक्क्यावर जमले. थोरले एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. डोक्यावर हेल्मेट नसेल तर कामगाराला ते फाटकातूनच घरी धाडत. मधले भलामोठा आइसबॉक्स आणि त्याहून मोठा आवाज घेऊन आले होते. धाकट्याला पोहता येत नव्हते. लग्न जमताना त्याने हे लपवले नव्हते, कोणी विचारलेच नव्हते. आता सांगावे तर सासुरवाडीत जन्मभराचा शिक्का बसणार.

कंपनीची शिस्त वाखाणण्यासारखी होती. निघण्यापूर्वी प्रत्येकाला नारिंगी लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून बोटीसमोर उभे करत आणि फोटो काढत. मग सगळी जॅकेट काढून घेत, कारण शेजारच्या बोटीचा फोटो व्हायचा असे.

पट्टा सोडताना धाकट्याचा हात अडला. "बोटीवर दुसरी असतील ना?"

"कशाला?" कप्तान म्हणाला. "पाणी बघा, परातीतल्यासारखं आहे. शिवाय तो रंग पाहून मासे फिरकत नाहीत."

"जावईबापू, सुट्टीवर आलोय हो," थोरले कळवळून म्हणाले. "वर्षभर हेच करतो मी. इथे तरी सुरक्षा नको."

"घाबरलात की काय?" मधल्यांनी विचारले. "बायकोला बोलावू हात धरायला?"

सगळे हसले. धाकटाही हसला, जरा जास्तच जोरात, आणि जॅकेट देऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी भर समुद्रात इंजिन बंद पडले. (माहितीपत्रकात याला 'निवांत क्षण' म्हटले आहे.) आडवी लाट आली, बोट कलंडली आणि कठड्यापाशी गळ टाकून बसलेला धाकटा पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्याला मधले दिसले. त्यांनी मोबाइल काढला होता.

"पोहा!" सुरक्षा अधिकारी ओरडले. "अहो, पोहा ना!"

"येत नाही!" धाकटा किंचाळला आणि पुन्हा खाली गेला. त्याला आपली मुलगी आठवली. तिला शाळेतून आणायला आता कोण जाणार? इतकी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खलाशाने मधल्यांचा आइसबॉक्स उचलून पाण्यात फेकला. त्याला मिठी मारून धाकटा वाचला. (आतल्या माशांचे मधल्यांना अजून वाईट वाटते.)

कंपनीने हमी पाळली. ती चित्रफीत सासुरवाडीच्या प्रत्येक समारंभात दाखवली जाते आणि 'येत नाही!'पाशी थांबवून पुन्हा दाखवली जाते. धाकट्याने पोहायला शिकायचे पक्के ठरवले. तलावाची वेळसुद्धा विचारून ठेवली.

यंदा सर्वांत लहान मेव्हणीचे लग्न झाले, त्यामुळे धाकट्याला बढती मिळाली. त्याच धक्क्यावर फोटो निघाला. नवे साडू पट्टा सोडताना अडखळले. "बोटीवर दुसरी असतील ना?"

सगळ्यांनी बढती मिळालेल्या आपल्या माणसाकडे पाहिले. खाऱ्या पाण्याची चव त्याच्या घशात परत आली. एक शब्द बोलला असता तर पुरे होते. पण वर्षभरात प्रथमच लोक दुसऱ्या कोणाला तरी हसायला टपले होते.

"घाबरलात की काय?" तो म्हणाला.

अशा माणसाचा वाचकांना संताप येणे रास्तच आहे. तो निवेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या नळीवर छापलेली मुदत पाहून यावी. आम्ही थांबतो.

नाही ना उठलात? मग जरा आत सरका. फोटोत सगळे यायला हवेत.