समाधानातली तफावत

चष्म्याच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने आपला अर्धा तुटलेला पुढचा दात सरकारी दंतरुग्णालयात भरून घेतला आणि तो समाधानी झाला. पुढे जे घडले त्याला एवढीच गोष्ट कारणीभूत आहे.

दात तुटल्यापासून तो ओठ मिटून वावरत असे, त्यामुळे गल्लीत त्याची गणना विचारी माणसांत होई. लोक त्याला गंभीरराव म्हणत आणि भाडेकरूंची भांडणे सोडवायला बोलावत. वास्तविक त्याला हसायला फार आवडे. दात भरला त्या दिवशी तो घरी येऊन बायकोकडे बघत तोंडभर हसला. ती इस्त्री करत होती. शर्टाची कॉलर करपली, तरी दोघे हसतच राहिले.

इकडे रुग्णालयात पुढच्या दातांच्या फिलिंगची पाहणी चालू होती. आधी रुग्णाचे मत घ्यायचे, मग तेच फिलिंग दंतवैद्यांनी तपासायचे. निष्कर्ष चिंताजनक निघाला. बहुतेक रुग्ण खूश होते आणि बहुतेक दंतवैद्य नव्हते. फिलिंग अधिक चांगली करावीत, असे एका नवख्या डॉक्टरीणबाईंनी सुचवून पाहिले. पण त्याला सामान लागते, वेळ लागतो, शिवाय कसलेला हातही लागतो. विभागप्रमुखांनी सखोल विचार केला. दोष फिलिंगमध्ये नसून रुग्णांच्या समाधानात आहे, ते फारच लवकर होते, असे त्यांचे मत पडले.

गंभीररावाला बोलावणे आले.

"काही तक्रार?" प्रमुखांनी विचारले.

"छे हो. झकास झालंय. हसतो, बोलतो, शीळसुद्धा घालतो."

प्रमुखांनी शेजारच्या डॉक्टरांकडे सूचक नजर टाकली. "शेजारच्या दातापेक्षा हा अर्ध्या छटेने पिवळा आहे. लक्षात नाही आलं?"

"बायकोच्याही नाही आलं."

"त्यांनाही आणायला हवं होतं तुम्ही."

त्याला खुर्चीत बसवून तोंडावर दिवा लावला आणि हातात भिंगाचा आरसा दिला.

"कडेला रेघ दिसते?"

"नाही बुवा."

"बघा निवांत. आम्हाला घाई नाही."

बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली, तेव्हा तो म्हणाला, "हां... काहीतरी आहे खरं."

"शाबास. आता जीभ फिरवा. खरखरीत लागतं ना?"

जीभ हा मोठा आज्ञाधारक अवयव आहे. लागेल म्हटले की तिला लागतेच.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका आजींनी नवा चष्मा चढवून विचारले, "बरा दिसतो का रे?"

"उजवी काडी केसभर वर आहे, आजी," गंभीरराव त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाला. "म्हणजे काडीचा दोष नाही. तुमचा उजवा कानच वर आहे."

आजींनी तो कान घेऊन सुखाने संसार केला होता, नातवंडे पाहिली होती. त्या चष्मा न घेताच गेल्या. मालकाने गंभीररावाला मागच्या खोलीत काचा पुसायला बसवले.

घरी बायको काही सांगू लागली की तो मान वाकडी करून बघत राही. चार दिवस तिने सहन केले. मग म्हणाली, "अहो, इतकी वर्षं माझ्याशी बोलत होतात. आता माझ्या दातांशी बोलताय."

"डावीकडचा जरा आत आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तिने तोंड उघडलेच नाही. मग मात्र तो घाबरला आणि थेट विभागप्रमुखांकडे गेला.

"डॉक्टर, हे फिलिंग काढा आणि नवं बसवा. मला ते बघवत नाही."

प्रमुख उठून उभे राहिले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, सगळ्या डॉक्टरांना बोलावले आणि त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मग कधी बदलता?" त्याने विचारले.

"बदलायचं कशाला? आज पहिल्यांदाच रुग्णाचं आणि आमचं एकमत झालंय. नवं बसवलं आणि ते तुम्हाला आवडून बसलं, तर आम्ही काय करायचं?"

व्हरांड्यात नवख्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठले. आजूबाजूला बघून त्या हळूच म्हणाल्या, "काका, दात चांगला आहे हो. चार हातांवरून काहीसुद्धा दिसत नाही."

"खरं असेल, बाई," तो म्हणाला. "पण मला आता चार हात लांब जाताच येत नाही."

बाकीच्या रुग्णांनाही अशीच बोलावणी गेली आणि रुग्णालयातली तफावत वर्षअखेर पूर्णपणे नाहीशी झाली. कोणीच समाधानी नसल्यामुळे वादाला जागा उरली नाही, आणि प्रमुखांना बढती मिळाली.

ही हकिकत काही वाचकांना अतिशयोक्त वाटेल. त्यांच्या मताचा आदर आहे. मात्र ती वाचता वाचता ज्यांची जीभ स्वतःच्या पुढच्या दातांवरून एकदा फिरून आली, त्यांना वेगळे बोलावणे येणार नाही. त्यांचे काम घरबसल्या झाले आहे.