स्टेजवर चढलेला उंबरा

कडूबाई शेतातून आली. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं अंगणात आपटला आणि जन्माच्या सवयीनं पाय उंच उचलून घरात शिरली. पहिला पाय सुखरूप आत पडला. दुसरा मात्र उंबऱ्याच्या जागी उरलेल्या चरात गेला आणि कडूबाई स्वतःच्याच घरात लोटांगण घालत दाखल झाली.

“मेले गं माय! व्यंक्या, उंबरा कुठाय?”

व्यंकटी चुलीपुढं भाकर मोडत होता. घास गालात सरकवून तो म्हणाला, “सटवामामाकडं दिलाय.”

“कामून? सडला व्हता का किडला व्हता?”

“न्हाई, लय चांगला व्हता म्हणून दिलाय. त्याची गिटार करायलोय.”

“आन् चौकट पडली म्हंजी?”

“मामानं दोन्ही बाजूनं दगडं लावलेत.”

गावात चोऱ्या होत होत्या. कोंबडी जायची, विहिरीवरच्या मोटारीची वायर जायची, एकदा देवीच्या अंगावरचं लुगडंसुद्धा गेलं होतं. पण पोटच्या पोरानं घराचा उंबरा उपटून नेल्याची तक्रार कुठं करायची, हे पोलिसपाटलालाही सांगता आलं नसतं. कडूबाई गुडघा चोळत उठली आणि तशीच सटवाजी सुताराच्या कामाच्या छपराकडं, मेटाकडं निघाली.

आता हा व्यंकटी वेडा नव्हता. येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात दिवाळीनंतर निम्मी घरं ऊस तोडायला जात, त्यातलंच त्याचं एक. मागच्या हंगामात मायलेक दोघं गेली होती. माय तोडायची, व्यंकटी मोळ्या बांधता बांधता गाणी म्हणायचा आणि मुकादमाच्या शिव्या तालात यायच्या. यंदा त्यानं ठरवलं होतं, कोयता हातात धरायचा नाही. जिंतूरच्या दत्तरावांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा बेस गिटार वाजवणारा माणूस आपली गिटार घेऊन नांदेडला निघून गेला होता. त्याच्या पेट्या उचलता उचलता व्यंकटीनं बरंच वाजवणं उचललं होतं.

दत्तराव म्हणाले होते, “दसऱ्याच्या सांजंला तुमच्याच गावात कार्यक्रम हाय. तवर सोताची गिटार पैदा कर. वाजली तर जागा तुझी. न्हाई वाजली तर भुजंग मुकादम दुसऱ्या दिवशी येणारच हाय तुझं नाव लिवायला.”

म्हणजे एका बाजूला चार तारा आणि दुसऱ्या बाजूला फड. मधे फक्त लाकडाचा प्रश्न होता.

सटवाजी सुतारानं आयुष्यात बैलगाड्या, बाजा, तिफणी आणि पाळणे केले होते. गिटार त्यानं फक्त कॅलेंडरवर, एका हिरॉईनच्या हातात पाहिली होती आणि तेव्हाही गिटारीकडं लक्ष नव्हतं. पण “येत नाही” असं म्हणणारा सुतार त्या गावात अजून जन्माला यायचा होता.

“आंबा घेऊ. मऊ असतंय, कापायला बरं,” तो म्हणाला. आंब्याच्या फळीची मान केली. दत्तरावांनी दिलेल्या जुन्या जाड तारा चढवून ताणल्या, तर मान अशी वाकली की गिटारीत बाण लावून मारता आला असता.

मग गाव मदतीला धावलं. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा हे गाव धावलं नव्हतं, पण लाकडावर मत द्यायचं म्हटल्यावर चावडी ओस पडली. त्या दिवसांत चावडीवर विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावर रोज तावातावानं भांडणं चालत. भांडणाऱ्यांपैकी एकाचंही पोरगं विद्यापीठाची पायरी चढलेलं नव्हतं. तीच सगळी तोंडं आता सुताराच्या मेटावर आली.

“बाभूळ घाला. शंभर वर्सं हालत न्हाई.”

“बाभूळ? गळ्यात अडकवायची हाय का बैलाला जुपायची हाय?”

“मग उंबर घाला. पवित्र झाड हाय.”

“आन् ऑर्केस्ट्रात नाचगाणं. झाडाला काय वाटंल?”

माणिकराव पाटलांनी शेवटी कौल दिला. “खानदानी चीज करायची असंल तर सागच पायजे.” साग आपल्या घरी भरपूर आहे, हेही त्यांनी सांगितलं. त्यातला एक तुकडा देतो, एवढंच सांगायचं राहून गेलं.

सटवाजी मात्र खरंच विचारात पडला होता. मान सरळ राहायची तर लाकूड जुनं हवं, मुरलेलं हवं, एकही गाठ नसलेलं हवं. असं लाकूड शोधत तो गल्लोगल्ली हिंडू लागला. घराघराच्या दारात वाकून बघणारा सुतार पाहून बायका पदर सावरू लागल्या. तो बिचारा उंबरे बघत होता. कडूबाईच्या दारात तो थांबला आणि उकिडवा बसून त्यानं उंबऱ्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

“व्यंकटी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुझी माय शेतात कितीक येळ असती रे?”

कडूबाई मेटावर पोचली तेव्हा उंबरा मधोमध उभा चिरून झाला होता. सटवाजीनं त्याचा मानेपासून बुडापर्यंत एकसंध कणा केला होता आणि दोन्ही अंगांना कडुलिंबाच्या फळ्या चिकटवल्या होत्या.

“सटवाजी, ह्याच्यावरचं माप ओलांडून म्या ह्या घरात आले व्हते!”

“मावशे, आता हाच उंबरा तुझ्या लेकाला उसाच्या फडातून बाहीर काढील. बग, तार ताणली तरी केसभर हालंना.”

कडूबाईनं कणा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. फडाचं नाव निघाल्यावर तिचा आवाज जरा खाली आला. मागच्या हंगामात लेकाच्या हाताला आलेले फोड तिनंच सुईनं फोडले होते.

“करा काय करायचं ते,” ती म्हणाली. “पण शुक्रवारी त्याला हळदकुकू लागलंच पायजे. दसऱ्याला बी. उंबरा कुटं का जाईना, उंबरा त्यो उंबरा.”

लाकूड झालं. आता वीज. ते खातं सुग्रीवचं. सुग्रीव रेडिओ दुरुस्त करायचा आणि टपालानं येणाऱ्या धड्यांवर शिकल्यामुळं स्वतःला इंजिनिअर समजायचा. त्यानं फुटक्या लाउडस्पीकरच्या लोहचुंबकाचे तुकडे केले, त्यांवर जळक्या रेडिओतली केसासारखी तार गुंडाळली आणि ती डबी तारांखाली बसवली. तारा जिथं अडकवल्या होत्या त्या पितळी पट्टीलाही त्यानं खालून एक वायर जोडली.

“ही कामून?” व्यंकटीनं विचारलं.

“धड्यातल्या चित्रात हाय.”

“पण कामून?”

“लय इचारू नको. धड्याच्या म्होरं जायचं नसतंय.”

नवरात्रभर व्यंकटीनं सुग्रीवच्या दुकानात सराव केला. दुकान म्हणजे शेणानं सारवलेली ओली जमीन, आणि व्यंकटीचा नवरात्राचा नेम, म्हणून पायात चप्पल नाही. गिटार अशी वाजली की समोरच्या टपरीवरच्या कपबशा थरथरल्या. दत्तराव येऊन ऐकून गेले. “आवाज पोटात लागायलाय,” एवढंच म्हणाले, पण जाताना लाल चमकीचा शर्ट आणि पांढरे रबरी बूट देऊन गेले.

दसरा उजाडला. व्यंकटीचा नेम सकाळी सुटला. संध्याकाळी देवीच्या देवळापुढच्या मातीच्या ओट्यावर धूळ बसावी म्हणून पाण्याचा सडा मारला होता. येलदरीच्या कॉलनीतूनही माणसं आली होती. पाटील पुढच्या खुर्चीत. भुजंग मुकादमही आला होता, एक दिवस आधीच. त्याला गाणी आवडत होती असं नव्हे, व्यंकटीवर नजर ठेवायची होती.

व्यंकटी लाल शर्ट घालून, बुटांचे बंद आवळून ओट्यावर आला आणि गिटार घेऊन खुर्चीवर बसला. सुग्रीवनं आवाज वाढवायच्या मशीनचं बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

बाकी कुठलाच आवाज येईना. व्यंकटी तार छेडी ती त्या घूंमध्ये बुडून जाई. जणू ओट्याखाली कोणी गिरणी चालू केली होती.

“दळण आणू का?” मागून कोणीतरी ओरडलं.

सुग्रीवनं पिन उलटी खोचली. घूं. वायर बदलली. घूं. डबीवर बोटानं टिचक्या मारल्या, तर घूंमध्ये ठोकेही येऊ लागले. मग धड्यातलं काही आठवून तो लोकांत उतरला आणि सिगारेटच्या पाकिटांतले चांदीचे कागद गोळा करू लागला. कागद मिळावा म्हणून दोघांनी नवी पाकिटं फोडून तिथंच पेटवली. डबीभोवती सगळी चांदी लावून झाली. गिटार आता मिठाईसारखी दिसत होती आणि घूं तसंच होतं.

सुग्रीवनं घाम पुसून जाहीर केलं, “माझं काम बराबर हाय. लाकूड वलं हाय.”

सटवाजी ताडकन उठला. “वलं? आरं, रजाकाराच्या आदीपासून वाळायलंय ते लाकूड! तुझ्या तारा वल्या हाईत!”

“तारा वल्या असतात व्हय?”

“मंग तुझं डोस्कं वलं असंल!”

“घराचा उंबरा उपटला की असंच व्हायचं,” पाटील गंभीरपणे म्हणाले. गर्दीत कुजबूज पसरली. उंबरा कोपला. भुजंगनं खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडून ठेवलं. दत्तराव व्यंकटीच्या कानाशी आले. “पाच मिंटात थांबलं न्हाई तर खाली उतर.”

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कडूबाई आली. हातात हळदीकुंकवाची कोयरी, झेंडूची माळ. तिला घूंशी काही देणंघेणं नव्हतं. दसरा होता, उंबऱ्याची पूजा राहिली होती, बस. खुर्चीवर बसलेल्या लेकाच्या शेजारी ती ओल्या मातीवर अनवाणी उभी राहिली आणि बोटावर कुंकू घेऊन तिनं पितळी पट्टीला लावलं.

घूं थांबलं.

असं थांबलं की लांब कुठंतरी रडणारं लेकरू ऐकू आलं.

“माय गं,” कडूबाई पुटपुटली. “हाताला मुंग्या यायल्यात. उंबरा बोलायलाय.”

तिनं हात काढला. घूंऽऽ. हात ठेवला. शांत. तिनं हळदीचं बोट लावलं, तेव्हाही शांत. सगळ्या गावानं हात जोडले. पाटलांनी टोपी सरळ केली.

“मावशे,” दत्तराव घाईनं म्हणाले, “हात काढू नगा. हितंच बसा.”

“मला भाकरी टाकायच्यात.”

“भाकरी आमी टाकतो!”

कडूबाई ओट्यावर मांडी घालून बसली. डाव्या हातानं पदर सावरला, उजवा हात पट्टीवर. आणि कार्यक्रम सुरू झाला. व्यंकटीनं जीव ओतून वाजवलं. पोटात ठोके पडू लागले, कॉलनीतल्या बाया मान डोलावू लागल्या. तिसऱ्या गाण्याला कडूबाईही डोलू लागली. पाचव्या गाण्याला तिनं पानसुपारी मागवली, आणि दत्तरावांनी ती स्वतः नेऊन दिली.

“कडूमावशी दाबायलीय, तवा ते वाजायलंय,” पुढं बसलेली सारजाबाई बायांना समजावत होती. “पोरगं नुसतं बोटं हालवायलंय.” शेवटी ज्या टाळ्या पडल्या त्या कुणासाठी होत्या, हे न समजण्याएवढा व्यंकटी भोळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुसून सुग्रीवच्या दुकानात गेला आणि बूट कोपऱ्यात फेकून अनवाणीच वाजवू लागला. घूं नाही. माय घरी होती, कोयरी घरी होती, तरी घूं नाही. सुग्रीवची नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या बुटांवर गेली.

“घाल बरं.”

बूट घातले. घूंऽऽ. काढले. शांत.

“आर्थिंग!” सुग्रीव ओरडला. “मायला, सातव्या धड्यात हाय हे! आनवाणी मानूस म्हंजी जमिनीत गाडलेली तार. रबरी बुटानं तार तुटली. तुझी माय काय करायली व्हती? नुसती वल्या मातीत उभी व्हती!”

कोप नाही, देव नाही, एक जोड बूट. दोघं धावत दत्तरावांकडं गेले. ते देवळापाशी टेंपोत सामान भरत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कोणाला सांगितलं का हे?”

“न्हाई.”

“सांगू बी नका. सकाळपसून जिंतूरवाले येऊन गेले, पूर्णेच्या रेल्वेवाल्यांचा निरोप आला. सगळे एकच म्हणायलेत, त्या बाईला आणा.” त्यांनी व्यंकटीच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. “आन् स्टेजवर बूट घातल्याबिगर आलास तर कामावरून काढून टाकीन.”

व्यंकटी घरी आला, पाय उंच उचलून चर ओलांडला आणि आत गेला. भुजंग मुकादम आधीच बाजेवर बसलेला होता. कडूबाई त्याला चहा देत होती. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं.

“लिवू का नाव?” भुजंगनं विचारलं. “मायलेकाची जोडी, एक कोयता.”

“माझं न्हाई जमायचं,” कडूबाई म्हणाली. “मला पूर्णेला जायचंय. मग जिंतूरला. दिवाळी झाल्यावर बी सवड न्हाई.”

“बरं, पोराचं तरी लिवतो. त्याचं काय काम हाय तिथं?”

कडूबाईनं लेकाकडं पाहिलं. लाल शर्ट अजून अंगातच होता, हातात बूट होते, आणि तोंड फडात पहिल्या दिवशी असायचं तसं झालं होतं. तिनं बशीतला चहा सावकाश संपवला.

“त्याचं बी नगा लिवू,” ती म्हणाली. “माझा उंबरा उचलायला एक मानूस लागतंय.”