बिनविरोध निर्ग्लूटेन

पदार्थात ग्लूटेन (गव्हाजवांतलं चिकट प्रथिन) आहे की नाही हे ओळखण्याचे तीन मार्ग मानवजातीला ज्ञात आहेत : प्रयोगशाळा, पाकिटावरची बारीक अक्षरं आणि बहुमत. पैकी पहिला खर्चिक, दुसरा डोळ्यांना त्रासदायक. त्यामुळे सुसंस्कृत समाज तिसऱ्यावर भिस्त ठेवतो.

कुरांबी हे ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यातलं सुसंस्कृत गाव. तिथं चर्चच्या मनोऱ्यापेक्षा धान्याची कोठारं उंच. अशा गावात डोरीन पेंगेलीला गहू सोसत नाही असं निघालं. म्हणजे कोळ्याच्या घरात जन्मून मासळीचं वावडं! कणभर ग्लूटेन पोटात गेलं की तिचं आतडं संपावर जाई. महिला मंडळाच्या गेल्या वार्षिक चहापानानंतर तर तिला सलाईन लावावं लागलं. रुग्णवाहिकेत तिचा हात धरून बसल्या होत्या मंडळाच्या अध्यक्षा आणि तिची जन्माची मैत्रीण, व्हाल्डाबाई हॉकरिज. "पुन्हा असं होऊ देणार नाही गं," असं रडत म्हणाल्या आणि शब्दाला जागून त्यांनी उपसमिती नेमली.

उपसमितीचं काम शास्त्रशुद्ध होतं. बकव्हीटच्या (आपल्या कुट्टूच्या) नावात 'व्हीट', म्हणजे गहू, सबब हद्दपार. (त्याचा गव्हाशी काडीचा संबंध नाही, पण संशयिताला मोकळं सोडू नये.) जव म्हणजे काही गहू नव्हे, सबब जवाचं सूप मंजूर. व्हाल्डाबाईंचे यजमान लेस यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, "जन्मभर जव पेरतोय. एकदाही ग्लूटेन दिसलं नाही."

यंदाच्या चहापानाला डोरीनसाठी वेगळं टेबल होतं, वर फुलं आणि मधोमध व्हाल्डाबाईंचा स्पंज केक. सगळं सभागृह कौतुकानं बघत होतं. डोरीनला भरून आलं आणि पाठोपाठ घाम फुटला.

"व्हाल्डा, यात काय घातलंयस?"

"कॉर्नफ्लोअर गं! नावातच मका आहे."

"पाकीट बघू?"

सभागृहात चमचे थांबले. पाकीट आलं. डोरीननं चष्मा लावला.

"अगं, हे गव्हाचं कॉर्नफ्लोअर आहे. खाली लिहिलंय."

"मक्यात गहू? काहीतरीच काय!"

"आपल्या ऑस्ट्रेलियात करतात तसं."

"पहाटे उठून केलाय मी हा," व्हाल्डाबाई म्हणाल्या. "आणि तू पाकीट मागतेस? माझ्याकडं?"

"एवढासा तुकडा खाल्ला तर काय मरतेस काय!" लेस म्हणाले. (वैद्यकशास्त्राची मजल याच्या पुढं अजून गेलेली नाही.)

वातावरण निवळावं म्हणून चिटणीसबाईंनी प्रश्न मताला टाकला. केकमध्ये ग्लूटेन नसल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. डोरीननं मत दिलं नाही, त्यामुळे तो बिनविरोध ठरला.

डोरीननं बशी उचलली. एक घास, आणि मैत्री शाबूत. गेल्या साली असाच, कुणाचं मन मोडू नये म्हणून, तिनं एक घास घेतला होता. पण आतड्याला ठराव वाचता येत नाहीत. तिनं बशी खाली ठेवली, पर्समधलं केळं काढलं, आणि सर्वांच्या देखत, मान खाली घालून, ते संपवलं. मग स्वतःच्या पायांनी घरी गेली.

मंडळानं तिला हेकट ठरवलं. व्हाल्डाबाईंनी बोलणं टाकलं. हिवाळा सरत आला तेव्हा मात्र एका दुपारी घरच्या झाडाची संत्री घेऊन त्या डोरीनच्या दारात उभ्या राहिल्या.

"यात काय आहे ते देवाला ठाऊक," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. "मी काही घातलेलं नाही."

डोरीननं चहा टाकला. दोघींनी मिळून संत्री संपवली आणि केकचा विषय कुणीच काढला नाही.

वाचकहो, कुरांबीला हसून झालं असेल तर जरा स्वयंपाकघरात चला. गहू न सोसणाऱ्या भाचीला परवा तुम्ही मायेनं नुसता वरणभात वाढलात ना? त्या फोडणीतल्या हिंगाची डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच डब्यांत हिंगापेक्षा गव्हाचं पीठच जास्त असतं.

'हिंगात कणीक? काहीतरीच काय!'

व्हाल्डाबाईंचा सूर अगदी हाच होता.